चषक आधीच ठरलेला असेल तर खेळायचं कशाला?

रमजानच्या रात्री तेलगावातली पोरं लवकर झोपत नाहीत. तरावीह झाली की चौकात चहा होतो, मग कुणाच्या तरी ओट्यावर मोबाईल उभा करून युरोपातला फुटबॉल सुरू होतो. चॅम्पियन्स लीगचे सामने आपल्याकडे मध्यरात्रीनंतर, दीडच्या सुमारास लागतात. सामना संपेपर्यंत सहरीची वेळ होतेच, त्यामुळे घरचेही फार ओरडत नाहीत. गेल्या रमजानात मीही एका रात्री त्यांच्यात जाऊन बसलो. माझ्या भाच्याच्या अंगात बायर्न म्युनिकचा लाल जर्सी होता. मी विचारलं, "का रे, जर्मनीतला हाच संघ का?" तो म्हणाला, "मामू, तिथं तेच जिंकतात ना! दुसरा कोण घ्यायचा?"

उत्तर बरोबर होतं आणि म्हणूनच माझ्या डोक्यात राहिलं. मोंढ्यात सगळ्यात मोठ्या आडत्याकडे माल न्यावा तसा त्यानं संघ निवडला होता. मी शाळेत असताना आम्ही पण संघ निवडायचो, पण कोण जिंकणार हे आम्हाला माहीत नसायचं. माहीत नसायचं म्हणून तर रेडिओला कान लावायचो.

सध्या हा विषय काढायला माझ्याकडे एक घरगुती कारणही आहे. आमच्या भागातल्या उन्हाळी टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धेच्या कमिटीत मी आहे आणि येत्या बैठकीत एका नियमावर भांडण होणार आहे. ते शेवटी सांगतो. आधी युरोपात काय चाललंय ते बघू, कारण आमच्या मैदानावरचा आजार तिथं मोठ्या आकारात दिसतो.

बायर्न म्युनिकनं 2013 ते 2023 या काळात जर्मनीची लीग सलग 11 वेळा जिंकली. इटलीत युव्हेंटसनं 2012 ते 2020 सलग 9 वेळा. फ्रान्समध्ये पॅरिस सेंट जर्मेननं 2013 ते 2025 या 13 हंगामांत 11 वेळा. स्कॉटलंडची कथा तर ऐकवत नाही. 1985 साली ॲबर्डीन जिंकलं, त्यानंतरच्या 40 हंगामांत सेल्टिक आणि रेंजर्स सोडून तिसऱ्या कुणाच्या हाताला चषक लागला नाही. ॲबर्डीनला 1985 साली जन्मलेला माणूस आज चाळिशी ओलांडून गेला, त्याच्या जाणत्या वयात त्याच्या गावानं लीग जिंकलेली नाही.

हे होतं कसं? यात जादू काही नाही. जो संघ आपल्या देशात वरच्या जागा पटकावतो तो चॅम्पियन्स लीगमध्ये जातो. तिथं पैसा प्रचंड आहे. त्या पैशातून तो चांगले खेळाडू घेतो, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा वरच राहतो, म्हणून पुन्हा पैसा मिळतो. 1995 साली बॉस्मन खटल्याचा निकाल लागला. करार संपलेला खेळाडू जुन्या क्लबला एक पैसाही न देता दुसरीकडे जाऊ शकतो, आणि युरोपीय संघातल्या देशांच्या खेळाडूंवर 'परदेशी' म्हणून मर्यादा घालता येत नाही, असं युरोपच्या न्यायालयानं ठरवलं. खेळाडूच्या दृष्टीनं निकाल न्यायाचाच होता. माणूस काही क्लबच्या मालकीचं जनावर नाही. पण त्याचा दुसरा परिणाम असा झाला की ज्याची थैली मोठी, त्याच्या दारात सगळ्या युरोपातलं गुण जमा होऊ लागलं.

पुढची गोष्ट तर आपल्या गावाकडच्या माणसाला लगेच समजेल. डॉर्टमुंडनं 2011 आणि 2012 साली बायर्नला मागं टाकून लीग जिंकली. मग 2013 साली डॉर्टमुंडचा गोट्झे बायर्नकडे गेला, 2014 साली लेवांडोव्स्की गेला, 2016 साली कर्णधार हुमेल्स गेला. फ्रान्समध्ये 2017 साली मोनॅकोनं पॅरिसला हरवून लीग जिंकली आणि त्याच उन्हाळ्यात मोनॅकोचा कोवळा एम्बापे पॅरिसच्या संघात दाखल झाला. इंग्लंडमध्ये 2016 साली लेस्टर सिटीनं चमत्कार केला. हंगामाच्या सुरुवातीला सट्टेवाले त्यांच्यावर एकाला पाच हजार भाव देत होते. त्या संघातला कांटे काही महिन्यांत चेल्सीकडे गेला आणि दोन वर्षांनी महरेझ मँचेस्टर सिटीकडे. आमच्याकडची पोरं कांटे आणि महरेझ ही नावं फार प्रेमानं घेतात. त्यांनी जावं की नाही हा प्रश्नच नाही, चार पैसे जास्त मिळत असतील तर कोण जाणार नाही? पण शेजाऱ्याच्या विहिरीला पाणी लागलं की त्याच विहिरीवर आपली मोटर बसवायची, असा हा प्रकार आहे. शेजाऱ्याचं रान वाळतं आणि आपण म्हणतो, बघा, आमचंच पीक कसं हिरवं!

इथं आपल्या काही मित्रांच्या मनातला एक मुद्दा बोलून टाकतो. मँचेस्टर सिटी 2008 साली अबुधाबीच्या मालकांनी घेतला, पॅरिसचा क्लब 2011 साली कतारच्या. "बघा, आपल्या लोकांनी युरोपला विकत घेतलं," असं म्हणून छाती फुगवणारे मला भेटतात. मला त्यात फुगण्यासारखं काही दिसत नाही. पैसा खाडीतला असो, अमेरिकेतला असो की रशियातला, तो ज्या रीतीनं मैदान एकतर्फी करतो ती रीत तीच राहते. बाजारात सगळा माल एकानंच भरून ठेवायचा आणि भाव आपल्या मर्जीनं काढायचा, याला आपले बुजुर्ग चांगलं म्हणायचे नाहीत. दुकानदाराचं नाव आपल्या ओळखीचं असलं म्हणून ते चांगलं होत नाही.

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्रातल्या माणसाला एकतर्फी स्पर्धा म्हणजे काय हे युरोपकडून शिकायची गरज नाही. रणजी करंडक 1934-35 साली सुरू झाला आणि पहिला मान मुंबईनं घेतला. पुढं 1958-59 पासून 1972-73 पर्यंत मुंबईनं तो सलग 15 वेळा जिंकला. बायर्नच्या 11 वर कौतुक करणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. या काळात राजस्थानचा संघ 7 वेळा अंतिम सामन्यात मुंबईपुढं उभा राहिला आणि सातही वेळा हरला. ज्या संघात सलीम दुराणीसारखा खेळाडू होता त्याची ही गत. 1973-74 साली कर्नाटकानं उपांत्य सामन्यात मुंबईची साखळी तोडली, तेव्हाही राजस्थान अंतिम सामन्यात होता आणि तिथं कर्नाटकाकडून हरला.

आपला बीड जिल्हा मुंबईच्या संघात येत नाही. एका राज्यात रणजीचे तीन संघ आहेत: मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र. मराठवाडा पुण्याच्या महाराष्ट्र संघटनेत मोडतो. या महाराष्ट्राच्या संघानं प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली 1939-40 आणि 1940-41 असे सलग दोन करंडक जिंकले. त्यानंतर एकही नाही. 1970-71, 1992-93 आणि 2013-14 असे तीन वेळा अंतिम सामन्यात जाऊन हात हलवत परत आले. त्यातला 1970-71 चा सामना मला सगळ्यात बोलका वाटतो. मुंबईचे वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर आणि अशोक मांकड हे पाच जण तेव्हा भारतीय संघाबरोबर वेस्ट इंडीजला होते. सुधीर नाईकच्या हाताखाली उरलेली मुंबई मैदानात उतरली आणि तरीही महाराष्ट्र हरला. पाच मोठी माणसं घराबाहेर, तरी घर भरलेलं! याला म्हणतात वर्चस्व.

पण मुंबई आणि पॅरिस यांना एकाच तराजूत घालणं अन्यायाचं होईल. मुंबईनं ते 15 करंडक दुसऱ्यांचे खेळाडू उचलून मिळवले नव्हते. तिथं शाळांच्या हॅरिस आणि गाइल्स शील्ड होत्या. भर पावसात ओल्या खेळपट्टीवर चालणारी कांगा लीग 1948 पासून होती. शिवाजी पार्क, आझाद मैदान, क्रॉस मैदान होतं. टाटा, एसीसी, मफतलाल, निरलॉन अशा कंपन्या खेळाडूला नोकरी देत होत्या. चाळीतल्या पोराला क्रिकेट खेळून पोट भरता येईल एवढी व्यवस्था एका शहरानं उभी केली होती. म्हणजे वर्चस्व दोन प्रकारचं असतं. एक आपल्या रानात कष्ट करून पिकवलेलं, दुसरं शेजाऱ्याचं पाणी ओढून पिकवलेलं. पहिल्याचा हेवा करावा, त्याच्याकडून शिकावं. दुसऱ्याला नियमानं आवर घालावा.

फक्त एक गोष्ट दोन्हीत सारखी आहे. जो बाहेर राहतो त्याचं नुकसान दोन्हीकडे होतं. त्या मुंबईत मैदानांची रांग होती तेव्हा बीडच्या पोराकडं काय होतं? संजय बांगर बीडमध्ये जन्मला. त्याची रणजीतली कारकीर्द रेल्वेच्या संघाकडून घडली. रेल्वेनं 2001-02 आणि 2004-05 असे दोन वेळा करंडक जिंकले. 2002 साली हेडिंग्लेच्या ढगाळ हवेत इंग्लंडपुढं सलामीला उभं राहून त्यानं 236 चेंडूंत 68 धावा काढल्या, द्रविडबरोबर 170 धावांची भागी केली आणि भारतानं ती कसोटी डावानं जिंकली. औरंगाबादचा इक्बाल सिद्दिकी महाराष्ट्राकडून वर्षानुवर्षं वेगवान गोलंदाजी करत राहिला, 2001 साली मोहालीत त्याला एक कसोटी मिळाली, दुसरी मिळाली नाही. अलीकडे बीडचाच सचिन धस 2024 च्या 19 वर्षांखालच्या विश्वचषकात उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेपुढं 96 धावा करून गेला. ऊसतोडीच्या जिल्ह्यातही गुण आहे, हे आता कुणाला पटवून द्यायची गरज नाही. त्याला खेळायला रोजचा, तोडीस तोड सामना मिळतो का, एवढाच प्रश्न आहे.

तोडीस तोड सामना का लागतो हे सांगणारी एक जुनी गोष्ट पुण्यातली आहे. डिसेंबर 1948. महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. भाऊसाहेब निंबाळकर नाबाद 443 वर होते. ब्रॅडमनचा 452 चा विक्रम 9 धावांवर आला होता. महाराष्ट्राच्या 4 बाद 826 झाल्या होत्या. काठियावाडच्या कर्णधारानं सांगितलं, आम्ही पुढं खेळत नाही. त्यांनी सामना सोडला आणि ते निघून गेले. निंबाळकर 443 वरच राहिले.

लहानपणी ही गोष्ट ऐकली तेव्हा मला काठियावाडच्या कर्णधाराचा राग आला होता. आज थोडं वेगळं वाटतं. त्यानं केलं ते चूकच, पण त्यातून एक गोष्ट उघडी पडली. समोरचा निघून गेला की सगळ्यात बलवान फलंदाजही एक धाव काढू शकत नाही. दुकान एकट्याला चालवता येतं, शेत एकट्याला कसता येतं. सामना एकट्याला खेळता येत नाही. हरणाऱ्यानं पुन्हा येणं ही जिंकणाऱ्याचीही गरज असते.

आपल्या शेतकऱ्याला हे उसातून समजतं. टापूत एकच कारखाना असला की तोडीसाठी चिटबॉयच्या मागं फिरावं लागतं आणि भाव कारखाना म्हणेल तो. दुसरा कारखाना उभा राहिला की पहिल्याच्याही वागण्यात फरक पडतो. मैदानावर तेच आहे.

"मग काय, जो पुढं गेलाय त्याचे पाय छाटायचे?" हा प्रश्न कमिटीत मला दर वेळी विचारला जातो. नाही, छाटायचे नाहीत. अमेरिकेकडे बघा. भांडवलशाहीचा एवढा मोठा गड, पण त्यांच्या फुटबॉलच्या लीगमध्ये प्रत्येक संघाच्या पगारखर्चाला मर्यादा आहे आणि कॉलेजातून येणाऱ्या नव्या खेळाडूंत पहिली निवड आदल्या वर्षी तळाला राहिलेल्या संघाला मिळते. ही दया नाही, धंद्याचा हिशेब आहे. शेवटपर्यंत निकाल कळला नाही तरच लोक तिकीट काढतात. आपली आयपीएलही तशीच बांधलेली आहे. लिलावात सगळ्यांच्या थैलीला एकच मर्यादा. तरीसुद्धा मुंबई इंडियन्स आणि चेन्नई यांनी 5-5 वेळा चषक नेला. म्हणजे मर्यादा घातली म्हणून हुशारी मरत नाही. आणि बंगळुरूला 18 वर्षं वाट बघून 2025 साली चषक मिळाला, म्हणजे मागं राहिलेल्याची आशाही मरत नाही.

पण नुसत्या नियमानं मागचा पुढं येतो असंही मी म्हणणार नाही. विदर्भ 1957-58 पासून रणजी खेळतोय. 60 वर्षं त्याला कुणी हिशेबात धरलं नाही. मग तिथं मुलांना राहून शिकता येईल अशी अकादमी उभी राहिली, मुंबईचा चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आला, मुंबईत म्हातारा ठरलेला वसीम जाफर आला आणि नागपूरच्या फैज फझलच्या नेतृत्वाखाली 2017-18 साली विदर्भानं इंदूरला दिल्लीला हरवून पहिला करंडक उचलला. पुढच्या वर्षी दुसरा. 2023-24 साली मुंबईनं वानखेडेवर अंतिम सामन्यात विदर्भालाच हरवून आपला 42 वा करंडक नेला, तर 2024-25 साली उपांत्य सामन्यात मुंबईला बाहेर काढून विदर्भानं तिसरा मिळवला. आता हे दोन संघ भिडले की निकाल सांगता येत नाही. यात बाहेरून माणसं आली, पण ती तीन-चार, आणि त्यांनी घरच्या पोरांना शिकवलं. घरच्यांना बाकावर बसवून तेच अकरा खेळले नाहीत.

दुसरं टोकही रणजीतच आहे. 2022 च्या उपउपांत्य सामन्यात मुंबईनं उत्तराखंडला 725 धावांनी हरवलं. धावांच्या फरकानं मिळालेला जगभरातल्या प्रथम श्रेणी क्रिकेटमधला तो सगळ्यात मोठा विजय (डावानं मिळालेले विजय सोडून). अशा विजयातून ना मुंबईचा फलंदाज काही शिकतो, ना उत्तराखंडचा गोलंदाज. त्याच हंगामात अंतिम सामन्यात मध्य प्रदेशनं मुंबईला हरवून पहिला करंडक नेला, आणि तो सामना लोकांच्या आठवणीत राहिला.

आता तेलगावच्या गोष्टीकडे येतो. आमचं गाव म्हणजे बीड-परळी आणि माजलगाव-धारूर या रस्त्यांचा चौक. चारी बाजूंनी पोरं यायला सोपं. सुरुवातीला आमच्या स्पर्धेत 24 संघ यायचे. वाड्या-तांड्यांवरचे संघ असायचे. ऊसतोडीवरून परत आलेली पोरं असायची, ज्यांच्या हाताला कोयत्याचे घट्टे तसेच असायचे, आणि तो हात चेंडू मारायला लागला की सीमेबाहेरच्या झाडावरची पाखरं उडायची. मग बक्षीस वाढलं. बक्षीस वाढलं तसे बाहेरचे खेळाडू यायला लागले. मुकादम जसा मजुराला उचल देऊन बांधतो, तसे एका संघानं दोन-तीन जिल्ह्यांतले टेनिस बॉलचे नावाजलेले खेळाडू उचल देऊन बांधले. संघाचं नाव गावाचं, पण गावचा पोरगा एकच, तोही राखीव. चार वर्षं तोच संघ जिंकला. पहिल्या वर्षी आम्ही टाळ्या वाजवल्या. षटकार बघायला गर्दीही वाढली. दुसऱ्या वर्षी 18 संघ आले, गेल्या वर्षी 9. गर्दीही नंतर अंतिम सामन्याला थांबेना. कॉमेंट्री करणारा रिकाम्या मंडपाकडं बघून ओरडत होता.

प्रामाणिकपणे सांगायचं तर आमच्या संघानंही एका वर्षी वर्गणी काढून बाहेरून एक फलंदाज आणला होता आणि ती वर्गणी गोळा करणाऱ्यांत मी होतो. ज्या पोराच्या जागी तो खेळला, तो पोरगा सहा महिने साखर कारखान्याच्या थळात राहून आला होता. आठ दिवस आधीपासून तो सराव करत होता. त्यानं काही तक्रार केली नाही. पुढच्या वर्षी तो खेळायला आला नाही. विचारलं तर म्हणाला, "चाचा, तुमचं तुम्ही बघा, मी आपला बघायला येईन." बघायलाही आला नाही. काठियावाडचा कर्णधार मैदानातून उघड उघड निघून गेला, आमचे लोक गुपचूप गेले, म्हणून आम्हाला चार वर्षं कळलं नाही.

म्हणून या वर्षी मी तीन गोष्टी मांडणार आहे. एक, अकरात बाहेरचे खेळाडू जास्तीत जास्त दोन. बाकी नऊ जणांचं रेशन कार्ड त्या गावचं हवं. दोन, सगळं बक्षीस एकाच्या हातात न देता उपांत्य फेरीतल्या चारही संघांत वाटायचं, पहिल्याला अर्थातच मोठा वाटा. तीन, ज्या संघातली निम्मी पोरं तोडीवरून परतलेली आहेत त्यांच्याकडून प्रवेश फी घ्यायची नाही.

विरोध होणार हे माहीत आहे. "दर्जा घसरेल," असं म्हणतील. पहिल्या वर्षी थोडा घसरेलही. बक्षीस देणारे पुढारी म्हणतील, मोठी नावं नसली तर गर्दी कशी जमणार. त्यांना मी 2021 सालची एक गोष्ट सांगणार आहे. एप्रिल महिन्यात युरोपातल्या 12 बड्या क्लबांनी जाहीर केलं की आम्ही आमची वेगळी सुपर लीग काढतो, जिथं आम्ही कायमचे आत आणि बाकीचे बाहेर. त्यांना वाटलं, लोक मोठी नावं बघायला येतात. पण त्याच क्लबांचे चाहते इंग्लंडमध्ये रस्त्यावर उतरले आणि दोन-तीन दिवसांत सहाही इंग्लिश क्लब माघार घेऊन बसले. ते चाहते जिंकणाऱ्या संघांचेच होते. आपला संघ कधीच पडू शकणार नाही अशी हमी त्यांना मिळत होती आणि त्यांनी ती नाकारली. पडण्याची भीती नसेल तर जिंकण्यातही काही उरत नाही, हे त्यांना कळलं होतं.

भाच्याला मी ही गोष्ट सांगितली. तो जरा गप्प बसला, मग म्हणाला, "पण मामू, 2024 ला लेव्हरकूसेन जिंकलं होतं ना, एकही सामना न हरता?" मी म्हटलं, हो, जिंकलं, आणि तुझ्या बायर्नची सलग अकरा वर्षांची साखळी तुटली. "तेव्हा मी पहिल्यांदा सगळे सामने बघितले," तो म्हणाला.

बैठक रविवारी आहे. नियम मंजूर झाला तर त्या कारखान्यावरून आलेल्या पोराच्या घरी मी स्वतः जाणार आहे, माफी मागायला आणि नाव नोंदवायला. तो येईल का, सांगता येत नाही.